हॉस्पिटलातला समुद्र

"अगं, पण हॉस्पिटलात मासे कशाला?" मावशीचा फोनवरचा पहिला प्रश्न हा होता. लेकीचा हात कसा आहे, हा दुसरा. चूक माझीच म्हणा ना, फोटो पाठवले त्यात प्लास्टरचा एक आणि माशांचे अकरा होते :-) (हात आता उत्तम आहे. बागेतल्या आडव्या दांड्यांवर लोंबकळताना सुटला, सहा आठवड्यांत जुळला. नातेवाईक मंडळींनी काळजी करू नये.)

मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रेन्स हॉस्पिटलची ही इमारत २०११ सालची. हॉस्पिटल जुनं, १८७०चं. नव्या इमारतीत शिरलं की दोन मजली उंच गोल टाकी दिसते, तिच्यात प्रवाळभिंतीवरचे मासे. वरच्या मजल्यावरून येणारे-जाणारे बघतात आणि खाली इमर्जन्सीत नंबर यायची वाट बघत बसलेली मुलं खालून बघतात. बाहेरच्या बाजूला मिअरकॅट नावाचे मुंगसासारखे प्राणीही आहेत, पण ते आपला विषय नाहीत.

माझ्या घरी गेली नऊ वर्षं खाऱ्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी आहे. त्यामुळे लेक माशांकडे बघत होती तेव्हा माझं लक्ष पंप कुठे असेल, पाणी कुठून परत येत असेल याकडे. आणि मावशीचा प्रश्न डोक्यात राहिलाच. मासे कशाला? आणि हे सुचलं कुणाला? मग वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं की मत्स्यालय आणि मुलांचं हॉस्पिटल ह्या दोन गोष्टी एकाच शहरात, जवळपास एकाच वेळी उभ्या राहिल्या, सारख्याच चुका करत वाढल्या आणि साधारण एकाच सुमाराला शहाण्या होऊ लागल्या. हे कुठे असं एकत्र लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा प्रपंच.

शहर लंडन. साल १८४६. ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीला समुद्रकिनारी गेल्या होत्या. नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठा धर्माधिकारी. बाईंना आधी दगडधोंड्यांचा नाद होता, तिथे त्यांना जिवंत पोवळी बघायला मिळाली. थंड पाण्यातली, छोट्या कपाएवढी, एकेकटी राहणारी. आपण ज्याला प्रवाळभिंत म्हणतो ती बांधणारी नव्हेत, पण पोवळीच. बाईंनी ती लंडनला न्यायची ठरवली. प्रवासात गडगडू नयेत म्हणून त्यांनी काय करावं? सुई-दोरा घेतला आणि ती एका मोठ्या स्पंजावर शिवून टाकली! मग स्पंज दगडी बरणीत, बरणीत समुद्राचं पाणी, आणि चालली स्वारी लंडनला.

लंडनला समुद्र नाही. पाणी मागवावं लागे आणि ते शिळं झालं की प्राणी मरणार हे उघड होतं. तेव्हा बाईंनी एक उपाय काढला. उघड्या खिडकीपुढे उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असं रोज अर्धा-पाऊण तास ओतायचं. आपल्याकडे चहावाला चहा गार करतो ना, तसं. अर्थात हे ओतायला बाई स्वतः उभ्या राहिल्या नाहीत, घरातली मोलकरीण उभी राहिली. आज माझ्या टाकीत हे काम दोन पंप चोवीस तास करतात. जगातला पहिला समुद्री एअर-पंप म्हणजे वेस्टमिन्स्टरमधली ती कामवाली बाई, आणि तिचं नाव मला कुठेही सापडलं नाही. पुढच्या वर्षी, १८४७ साली, ॲनाबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ सोडलं आणि वनस्पती व प्राणी एकमेकांना सांभाळून घेतात असं त्यांना दिसलं. जवळजवळ तीन वर्षं ती बरणी-परडी चालली, पोवळ्यांना पिल्लंही झाली. हे सगळं छापून आलं मात्र १८५९ साली, आणि तोवर श्रेय भलत्यांच्या खात्यावर जमा झालं होतं. (त्याच्याही आधी, १८३२ साली, सिसिलीत जान व्हिलप्रो-पॉवर ह्या फ्रेंच बाईंनी समुद्री जीव अभ्यासायला काचेच्या पेट्या केल्या होत्या. म्हणजे ह्या शास्त्राच्या दोन्ही आज्या. आजोबा नंतर आले.)

आजोबांपैकी एक रॉबर्ट वॉरिंग्टन, रसायनशास्त्रज्ञ. त्याने गोड्या पाण्यात दोन सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवल्या, कुजकी पानं खायला गोगलगायी सोडल्या, आणि पाणी न बदलता हा संसार चालतो हे १८५०च्या सुमारास मांडलं. दुसरा फिलिप हेन्री गॉस. 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ केला तो ह्यानेच. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झालेली. मे १८५३मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. माणसाने तोवर मासा बघितला होता तो वरून, नाहीतर ताटात. आता पहिल्यांदाच तो समोरून, डोळ्याला डोळा देऊन दिसला.

गॉसने १८५४ साली घरच्या घरी समुद्राचं पाणी बनवायची कृतीही दिली. मीठ, एप्सम सॉल्ट, आणखी दोन क्षार. मला ती वाचून गंमत वाटली, कारण त्यात कॅल्शियमचा क्षार वेगळा घातलेलाच नव्हता. पोवळ्याचं घर कॅल्शियमचं. म्हणजे भात करायची कृती आणि तांदूळ वगळलेले.

गॉसच्या पुस्तकांनी इंग्लंडला वेडच लावलं. सुट्टीला समुद्रावर गेलेलं प्रत्येक कुटुंब छिन्नी आणि बरणी घेऊन खडकांवर. गॉसचा मुलगा एडमंड, पुढे साहित्यिक झाला, त्याने १९०७ सालच्या आपल्या आठवणींत ह्याबद्दल फार खंतावून लिहिलं आहे. बापाने ज्या डबक्यांची सुंदरता जगाला दाखवली तीच डबकी ते वाचून आलेल्या लोकांनी खरवडून रिकामी केली. हा मुद्दा लक्षात असू द्या, तो पुढे परत लागणार आहे.

आता ह्याच लंडनमध्ये, फिश हाउसच्या सव्वा वर्ष आधी, १४ फेब्रुवारी १८५२ला, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात चार्ल्स वेस्ट नावाच्या डॉक्टरने मुलांचं हॉस्पिटल सुरू केलं. खाटा दहा. ब्रिटनमधलं हे पहिलंच. लहान मुलांना मोठ्यांच्या हॉस्पिटलात सहसा घेत नसत, आणि घेतलं तरी मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस. डिकन्सने ह्या हॉस्पिटलासाठी लेख लिहिला, १८५८ साली जाहीर वाचन करून पैसे उभे केले. आपल्या मुंबईत परळचं बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल १९२९चं. आणि मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१चं. दोन्हीच्या मध्ये बावीस वर्षं आणि काही मैल. लहानपणी तारापोरवालाच्या अंधाऱ्या बोळातून बाबांचं बोट धरून गेलेल्यांना ती हिरवट-निळी उजेडाची चौकट आठवत असेलच.

तर आता दोन्हीकडचा मधला काळ. माझ्या मते तोच महत्त्वाचा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे एक निर्जंतुक खोली असायची. मेलेल्या पोवळ्यांचे सांगाडे ब्लीचमध्ये बुडवून पांढरेशुभ्र करायचे आणि शोभेला मांडायचे. वाळू धुवून घ्यायची. माशाला रोग झाला की पाण्यात तांबं घालायचं. तांब्याने रोगजंतू मरतात हे खरं, पण त्या पाण्यात शिंपली, झिंगे, पोवळी ह्यांपैकी काहीच जगत नाही. शेवाळं दिसलं की खरवड. एवढी स्वच्छता करूनही मासे मरत, आणि मेले की उपाय एकच, अजून स्वच्छता. खरं तर अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू असतात हे विनोग्राडस्कीने १८९०च्या सुमारास दाखवून दिलं होतं. माशाच्या घाणीत अमोनिया असतो, तो माशालाच विषारी, आणि त्याला निवारणारे हे अदृश्य नोकर. आपले लोक दर महिन्याला त्यांनाच घासून बाहेर काढत होते.

हॉस्पिटलांतही हेच. जंतूंचा शोध लागला, ते चांगलंच झालं, लाखो जीव वाचले. पण त्या भरात आई-बापांनाही जंतूंच्याच यादीत टाकलं गेलं. इंग्लंडातल्या कित्येक हॉस्पिटलांत मुलाला भेटायची परवानगी आठवड्यातून एखाद-दोन वेळा, तीही ठरावीक तासभर. कुठे कुठे तीही नाही. कारण काय, तर आई आली की मूल रडतं, गेली की जास्त रडतं, वॉर्ड बिघडतो. न येणाऱ्यांची मुलं कशी शहाण्यासारखी गप्प बसतात!

जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसाला ह्या गप्प बसण्याची शंका आली. त्याने १९५२ साली एक फिल्म केली. दोन वर्षांची एक मुलगी, छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस हॉस्पिटलात. कुणी तिला मारत नाही, ओरडत नाही. नर्सेस चांगल्या आहेत. फक्त आई जवळ नाही. कॅमेरा रोज ठरल्या वेळी तिच्याकडे बघतो आणि ती हळूहळू मिटत जाते. गप्प होते ती बरी वाटतेय म्हणून नव्हे, आशा सोडलीय म्हणून. डॉक्टरांपुढे ही फिल्म दाखवली तेव्हा बरेचजण चिडले. पण १९५९ साली प्लॅट समितीचा अहवाल आला आणि त्यात आई-बापांना येऊ द्या, वेळेचं बंधन नको, लहान मुलांच्या आयांना सोबत राहू द्या, असं स्वच्छ म्हटलं. अमलात यायला पुढे बरीच वर्षं गेली, पण दिशा बदलली.

(इथे मला आमच्या घराची आठवण येते. धाकट्या काकाला लहानपणी विषमज्वर झाला तेव्हा आजी तीन आठवडे त्याच्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपली होती. डॉक्टर रोज रागवायचे, "आजी, इथे धर्मशाळा आहे का?" आणि आजी रोज "नाही हो" म्हणून डबा उघडायची. आपल्या सरकारी वॉर्डातल्या गर्दीला नावं ठेवायला खूप जागा आहे, पण ही एक गोष्ट आपण कधी सोडली नव्हती. अहवाल न वाचताच.)

आता गंमत बघा. प्लॅट अहवाल १९५९चा. आणि १९६१ साली जकार्तातल्या ली चिन एंग ह्या गृहस्थांचा एक लेख अमेरिकेतल्या मत्स्यपालनाच्या मासिकात आला. त्यांनी काय केलं होतं? समुद्रातले दगड, त्यांच्यावर जे जे चिकटलेलं होतं त्या सगळ्यासकट, न धुता, टाकीत ठेवले. किडे, स्पंज, शेवाळ, शंख, सगळं. खरं समुद्राचं पाणी, थोडे हवेचे बुडबुडे, आणि भरपूर सूर्यप्रकाश. फिल्टर नाही. आणि त्यात पोवळी जगत होती. पाश्चात्त्य मंडळींनी हे तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. ज्यांनी घेतलं त्यांचे दगड विमानातून येईपर्यंत सडलेले असत.

ह्याला आज 'लाइव्ह रॉक', जिवंत दगड म्हणतात. त्याची करामत अशी की दगड सच्छिद्र असतो. बाहेरच्या अंगाला प्राणवायू भरपूर, तिथले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. आतल्या भोकांत प्राणवायू जवळजवळ नाही, तिथले दुसरे जीवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. स्वयंपाकघर आणि मोरी एकाच दगडात. पोवळ्याच्या स्वतःच्या पेशींतही सूक्ष्म शैवाल राहतात, ते उन्हावर साखर करतात आणि भाडं म्हणून पोवळ्याला देतात. म्हणजे 'एक पोवळं' अशी वस्तू मुळात नसतेच. ते धुवून, पुसून, एकटं करून ठेवलं की मरतं. खाटेवर एकटं ठेवलेलं मूल मरत नव्हतं, पण मिटत होतं. दोन्ही ठिकाणी सांभाळणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनी फक्त जिवाची हद्द कातडीपाशी संपते असं धरलं होतं.

पुढचं भराभर सांगते. जर्मनांनी जिवंत दगडांना 'प्रोटीन स्किमर'ची जोड दिली. हे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, घाण फेसावर चढते आणि फेस वर जाऊन पेल्यात पडतो. उसाच्या रसाची मळी काढतात तसंच. शिवाय प्रखर दिवे. त्या पद्धतीला बर्लिन पद्धतच म्हणतात. आणि मग १९८७ साली आमच्याच ऑस्ट्रेलियात, टाउन्सव्हिलला, ग्रेट बॅरिअर रीफच्या काठावर, सुमारे पंचवीस लाख लिटरची प्रवाळटाकी बांधली गेली. उघड्या आभाळाखाली, खऱ्या उन्हात, लाटा करणाऱ्या यंत्रासह. सुरुवातीला तिचं पाणी स्वच्छ ठेवायला वॉल्टर एडी ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कल्पनेनुसार चक्क शेवाळाची शेती केली होती. पाणी जाळ्यांवरून वाहू द्यायचं, जाळ्यांवर शेवाळ वाढू द्यायचं, ते कापून फेकलं की घाण गेली. शंभर वर्षं जे खरवडून काढलं तेच कामाला लावलं. २०२१ साली ती टाकी दुरुस्तीसाठी बंद झाली. त्याआधी आम्ही एकदा बघून आलो ते बरं झालं.

तर मावशीच्या प्रश्नाकडे. समजा उद्या मुलांच्या हॉस्पिटलात खऱ्या पोवळ्यांची मोठी टाकी बांधायची आहे. समजा दहा हजार लिटरची. काय लागेल?

पहिलं, जमीन. समुद्राचं पाणी लिटरला एक किलोहून थोडं जास्त, म्हणजे नुसतं पाणीच सव्वादहा टन. त्यावर ॲक्रिलिक, दगड, खालची दुसरी टाकी. तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग मासेवाला. मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे पहिल्याच भरणीला साडेतीनशे किलो, आणि ते नळाच्या नव्हे, गाळून क्षारमुक्त केलेल्या पाण्यात. पाइपात कुठेही तांबं नको. कॅल्शियम लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या वर, तापमान पंचवीस-सव्वीसच्या आसपास. प्रत्येक पंप जोडीने, आणि दोन्ही जनरेटरवर. वीज गेली तर अतिदक्षता विभागाचं आधी बघायचं हे बरोबरच आहे, पण पाणी काही तास थांबलं तर टाकीतलं सगळं गुदमरतं, हेही कागदावर लिहिलेलं असावं.

दुसरं, धीर. पाणी भरलं की चार ते आठ आठवडे टाकीत मासा घालायचा नाही. जीवाणू वसायला तेवढा वेळ लागतो. इथेच घोडं अडतं. देणगीदाराला फीत कापायची असते, त्या दिवशी निमो हवा असतो. माझ्या माहितीतल्या एका दवाखान्यात (भारतातला, नाव कशाला) उद्घाटनासाठी चौथ्या दिवशी मासे सोडले आणि महिन्याच्या आत टाकीवर पडदा टाकायची वेळ आली. प्रतीक्षालयातली मुलं पडद्याच्या कडेने आत बघत होती.

तिसरी गोष्ट भीतीची आहे आणि ती खरी आहे. मत्स्यटाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ असू शकतो. हाताला जखम असेल तर तिथे गाठी करतो. निरोगी माणूस औषधांनी बरा होतो, पण केमोथेरपी चाललेल्या मुलाच्या बाबतीत कुणी जुगार खेळू नये. म्हणून हॉस्पिटलची टाकी पूर्ण बंद, हात घालायची सोय नाही, मागची खोली वेगळी, तिचं गटार वेगळं, साफ करणाऱ्याला लांब हातमोजे. आणि झोअँथिड नावाची दिसायला गोजिरी, बटणांसारखी रंगीत फुलं असतात, हौशी लोकांच्या टाकीत हमखास, ती इथे नकोतच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते १९७१ साली वेगळं काढलं, निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक. तिथल्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं, भाल्याच्या टोकाला लावायचे म्हणे.

मग एवढं असताना टाकी हवीच कशाला? रेझिनची पोवळी आणि पडद्यावरचे मासे चालणार नाहीत का? कितीतरी मोठ्या टाक्यांत पोवळी नकलीच असतात, आणि मासे त्यात चांगले राहतात. मी ह्याला फसवणूक म्हणणार नाही. जिथे सांभाळायला माणूस नाही तिथे तेच योग्य.

उपयोगाचा पुरावा विचाराल तर थोडा आहे, फार नाही. १९८४ साली ॲरन कॅचर आणि मंडळींनी दात-दाढेच्या ऑपरेशनला आलेल्या लोकांना आधी मत्स्यटाकीपुढे बसवलं, तर त्यांचं मन संमोहनाइतकंच शांत झालं. त्याच वर्षी रॉजर उलरिकने 'सायन्स'मध्ये लिहिलं की पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशय काढलेल्या रोग्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामकं कमी लागली. तेवीस विरुद्ध तेवीस रोगी. दोन्ही अभ्यास मोठ्या माणसांवरचे, आणि छोटे. ह्याच्या जोरावर "माशांनी आजार बरा होतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

माझं कारण वेगळं आहे. हॉस्पिटलात मुलाकडे सगळे बघत असतात. डॉक्टर, नर्स, यंत्रं, रडवेली आई. त्याला स्वतःला बघायला काही नसतं. टाकीत ज्याचं आपल्याशी काही देणंघेणं नाही असं जग चाललेलं असतं. बांगाई कार्डिनल हा मासा घ्या. बाप अंडी तोंडात धरून बसतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत आणि त्यानंतरही काही दिवस, आणि त्या सगळ्या काळात उपाशी राहतो. हे एखाद्या सात वर्षांच्या मुलाला समजलं की तो रोज जाऊन बाप जेवला का ते बघेल. आणि मुलं मोजतात. एक मासा कमी झाला की मोठ्यांच्या आधी त्यांना कळतं. अशा वेळी रात्रीतून तसाच दुसरा आणून सोडावा असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. आजारी मुलांना खोटं फार लवकर ओळखता येतं. "मेला" असं सांगावं. त्याऐवजी मुळात कमी, दणकट आणि दीर्घायुषी जीव ठेवावेत. क्लाउनफिश नीट ठेवला तर वीस वर्षंही जगतो. नवा मासा आला की त्याला महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवतात, रोग आत येऊ नये म्हणून. आयसोलेशनमध्ये राहून आलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि इथे एडमंड गॉसची ती रिकामी डबकी. शोभेचे मासे पकडायला फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइड फवारायला लागले. मासा गुंगतो, पकडला जातो, मागे पोवळी मरतात. बांगाई कार्डिनलही व्यापारापायीच २००७ साली धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेला. एका मुलाला बरं वाटावं म्हणून दुसरीकडच्या मुलांचा समुद्र ओरबाडायचा, हे मला मान्य नाही. सुदैवाने आता त्याची गरजही नाही. क्लाउनफिश १९७०च्या दशकापासून टाकीत पैदा होतात, बांगाईही होतात, आणि पोवळ्याची फांदी तोडून लावली की गुलाबासारखी वाढते. माझ्या टाकीतली एकूण एक पोवळी अशी कुणाकुणाकडून आलेली आहेत, आणि माझ्याकडून पुढे गेलेली.

पैशाचं मावशीने विचारलंच. नर्सच्या पगारातून टाकी बांधू नये, हे तर झालंच. देणगी घ्यायची तर टाकीच्या किमतीएवढीच रक्कम पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवून मगच घ्यावी. तेवढी नसेल तर तीनशे लिटरची टाकी करावी, पण रोज कुणीतरी तिच्यापाशी येणारं हवं. आणि काच खालपर्यंत हवी. व्हीलचेअरवरून दिसलं पाहिजे, स्ट्रेचरवर आडवं पडूनही. मेलबर्नला ती खालपर्यंत आहे.

एक शेवटची मागणी माझी स्वतःची. टाकीला चंद्र हवा. १९८४ सालीच (काय वर्ष होतं ते!) ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी लिहिलं की ग्रेट बॅरिअर रीफवरची कित्येक जातींची पोवळी वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या थोड्याच रात्रींत, एकदम बीज सोडतात. आणि २०१३ साली लंडनमध्येच, ॲनाबाईंच्या ॲबीपासून काही मैलांवरच्या हॉर्निमन म्युझियममध्ये, जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंद टाकीत हे घडवून आणलं. सूर्योदय, तापमान, चंद्राची कला, सगळं कॉम्प्युटरवरून महिनोन् महिने खऱ्या समुद्राबरहुकूम चालवत.

हॉस्पिटलात तेवढं जमणार नाही, पण रात्री नऊला मुख्य दिवे मंद करून एक फिकट निळा दिवा ठेवता येतो, तिथीप्रमाणे कमी-जास्त होणारा. दिवसभर दगडासारखी बसलेली पुष्कळशी पोवळी अंधार पडल्यावरच आपले हात बाहेर काढतात. पोपटमाशांच्या काही जाती स्वतःभोवती चिकट पदार्थाची मच्छरदाणी विणून तिच्यात झोपतात. सलाइन लावलेल्या, झोप न येणाऱ्या मुलाला रात्री अडीच वाजता नर्सने खुर्चीत बसवून तिथपर्यंत नेलं, तर त्याला हे सगळं दिसेल. दिवसा आलेल्यांना दिसत नाही.